टार्ट्राझीन, चाळीस उंदीर आणि माझी एक चूक

एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी टार्ट्राझीन मीच निवडलं. आमच्या गल्लीतली पोरं पिवळ्याधमक गोळ्या खाऊन जीभ काढून दाखवतात, तो हा रंग.

ॲनिमल एथिक्स कमिटीने चाळीसच उंदीर का, हे नीट विचारलं, आणि विचारायलाच हवं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पदार्थ विषारी आहे का ते तपासायच्या ४०७ क्रमांकाच्या पद्धतीत २८ दिवस रोज तोंडावाटे डोस द्यायचा असतो. चार गट, प्रत्येकात पाच नर, पाच माद्या. एका गटाला नुसतं पाणी, बाकी तिघांना चढता डोस. माझा सगळ्यांत वरचा डोस किलोमागे १००० मिलिग्रॅम होता.

खरी परीक्षा गॅव्हाजची, म्हणजे सुईने डोस थेट पोटात सोडायची. उंदराला मानेमागच्या सैल कातडीने धरायचं, टोकाला गोळी असलेली वाकडी सुई तोंडाच्या कडेने आत सरकवायची आणि तो गिळेपर्यंत थांबायचं. जोर अजिबात लावायचा नाही. ॲनिमल हाऊसचे मामा रोज सांगायचे, "ताई, तो घाबरला तर आधी त्याला शांत होऊ द्या."

नवव्या दिवशी मी घाई केली. वरच्या डोसच्या गटातला एक नर हातातच धडपडला, नाकातून पिवळा फेस आला आणि तो दोन मिनिटांत गेला. उघडून पाहिलं तर गुलाबी असायला हवीत ती फुप्फुसं पिवळी झाली होती. द्रावण श्वासनलिकेत गेलं होतं. त्याला रंगाने मारलं नव्हतं, माझ्या हाताने मारलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मॅडमनी दुसऱ्या दिवशी कमिटीला लेखी कळवायला लावलं आणि मला पुन्हा आठवडाभर मामांच्या हाताखाली शिकायला बसवलं.

पुढे त्या गटाच्या लेंड्या पिवळ्या दिसू लागल्या. हा रंग आतड्यातून फारसा शोषला जात नाही, त्यामुळे नुसत्या पिवळ्या लेंड्यांना विषबाधेचं लक्षण म्हणता येत नाही. तरी नोंद रोज केली.

एकोणतिसाव्या दिवशी सगळ्यांना भूल देऊन रक्त घेतलं, यकृत आणि मूत्रपिंडं तोलली. पाण्याच्या गटालाही सुटका नव्हती, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्यातली एक मादी पिंजरा उघडला की आपणहून माझ्या हातावर यायची. तिला मी शेवटी घेतलं.

थिसिसच्या तक्त्यात नरांच्या तीन गटांसमोर ५ आहे, चौथ्यासमोर ४. खाली टीप आहे : 'डोस देताना झालेली चूक.' व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारला, आणि मी नववा दिवस पहिल्यापासून सांगितला.