तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेल्या लोकरीचे रंग जुळतात कसे?

थंडी पडली आणि गळ्यात तो गोल गळपट्टा चढला की भिशीत नाहीतर लिफ्टमध्ये कोणीतरी हमखास बोट लावून बघतं आणि विचारतं, "ही सगळी उरलेली लोकर ना? मग रंग इतके जुळलेत कसे? ठरवून आणल्यासारखे वाटतात." लिफ्टमध्ये दोन मजल्यांत काय सांगणार? "जमतं हो," म्हणून मी सुटका करून घेते. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. उत्तर आहे, आणि त्याला रंगांची उपजत जाण वगैरे काही लागत नाही. सगळी करामत क्रोशाच्या टाक्याची आहे.

आधी माझ्या पिशवीत काय असतं ते बघा. कोणाकडे बाळ येणार म्हटलं की बाळंतविड्यात टोपडं, मोजे, दुपटं आलंच, आणि त्यातून फिकट पिवळा, पिस्ता, आकाशी असले दुधाळ रंग उरतात. दुसरीकडे शाळेच्या स्वेटरचा नेव्ही ब्लू, घरातल्या पुरुषांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरांचा करडा आणि तपकिरी. एक ढीग पाळण्यातला, एक ऑफिसातला, मधलं काही नाही. शहाणं माणूस दुकानात जाऊन हे रंग एकत्र कधी घेणार नाही.

असल्या ढिगाचं लोक बहुधा पांघरूण करायला घेतात, चौकोन विणून जोडायचं. मला ते पटत नाही. पांघरुणाला किलोभर लोकर लागते, उरलेली अर्ध्यात संपते, मग पुरं करायला नवी आणा, आणि तिचीही पुन्हा उरतेच. गळपट्टा शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये होतो आणि ज्या थंडीसाठी घेतला त्याच थंडीत गळ्यात येतो.

मग मफलर का नाही? डिसेंबरात पहाटे स्कूटरवरून पुण्यातला नदीवरचा पूल ओलांडून बघा, वारं जॅकेटच्या कॉलरमधून थेट आत शिरतं. गळा झाकायलाच लागतो. पण मफलरची टोकं लोंबतात, आणि दुचाकीवर लोंबणारं काहीही मला बघवत नाही. आपल्याकडे मागच्या चाकाला साडी गार्ड असतं ते उगाच नाही. इसाडोरा डंकन ही नामवंत नर्तकी १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात गेली, ती मोटारीच्या चाकात तिचा लांब स्कार्फ अडकून. गोल गळपट्ट्याला टोकंच नाहीत. डोक्यातून घातला, कॉलरमध्ये खोचला, वर हेल्मेट चढवलं, निघालो. (इंटरनेटवर नमुने शोधायचे असतील तर 'काऊल' म्हणून शोधा.)

आता निवड. रंग नंतर, जाडी आधी. गुंड्यावर प्लाय लिहिलेला असतो, पण उरलेल्या गुंड्याचं लेबल केव्हाच हरवलेलं असतं. शिवाय प्लाय म्हणजे पदर. चार पदरी धागा जाड असेल की बारीक, हे नुसत्या पदरांवरून कळत नाही. त्यापेक्षा फूटपट्टीवर धागा शेजारी-शेजारी गुंडाळायचा, ओढून ताणायचा नाही, आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचे. नऊ-दहा बसले तर धागा जाड, चौदाच्या पुढे गेले तर बारीक. बारीक असेल तर दोन धागे एकत्र धरायचे, मग तो जाडाच्या शेजारी बिनबोभाट चालतो. पाळण्यातला ढीग बहुतेक बारीक असतो, म्हणून तिथे मी पिस्ता आणि आकाशी एकत्रच सुईवर घेते. तिथूनच रंगांची सरमिसळ सुरू होते.

मग धागा जाळून बघते. हसू नका. चिमट्यात बोटभर तुकडा धरायचा, खाली स्टीलची ताटली ठेवायची. मेंढीची लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत लांब केली की ती विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि शेवटी टणक काळा मणी राहतो. तो गार झाल्याशिवाय हात लावू नका. आपल्याकडे दुकानात 'लोकर' मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच मिळतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९४१ साली तयार केलेला, पेट्रोलियमपासून बनणारा हा धागा. मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून तो वाईट ठरत नाही. स्वस्त आहे, रंग पक्के आहेत, कसर लागत नाही, आणि बाळाचं दुपटं रोज धुवायचं तर दुसरं काय वापरणार? पण दोन्ही एका गळपट्ट्यात नकोत. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आवळते, ॲक्रिलिक तसंच राहतं, आणि पहिल्याच धुण्यात कपड्याला चुण्या पडतात. माझ्याकडे खऱ्या लोकरीचे उरलेले गुंडे मोजकेच आहेत. ते पुरेसे साठले की त्यांचा वेगळा गळपट्टा होतो आणि तो खरंच जास्त ऊबदार असतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही दमट लागत नाही. ॲक्रिलिक ओल शोषतच नाही म्हटलं तरी चालेल. गळपट्टा नाकावर ओढून स्कूटर चालवली की श्वासाच्या वाफेमुळे हा फरक लगेच कळतो. आणि कोणी हौसेनं आपल्या डेक्कनी मेंढीची लोकर सुचवलीच तर: घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, ती विणणाऱ्या सणगरांनी चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसातही कामाला येते, पण तो धागा गळ्याशी नको. भरड तंतू बोचतात.

आता तो टाका. बहुतेक जणी खांबांच्या ओळी घालतात. खांब, म्हणजे सुईवर आधी वेढा घेऊन घातलेला टाका, उंच असतो, त्यामुळे प्रत्येक रंगाचा ठसठशीत पट्टा होतो, आणि पाळण्यातला पिवळा ऑफिसातल्या करड्याला खेटून उभा राहिला की दोघंही अवघडल्यासारखे दिसतात. मी मॉस स्टिच घालते. एक मुका खांब, म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका. मग एक साखळी. खालचा एक टाका सोडायचा. पुन्हा मुका खांब. एवढंच, फेरीभर. पुढच्या फेरीत मुका खांब घालायचा तो खालच्या साखळीखालच्या पोकळीत, आणि साखळी येते ती खालच्या मुक्या खांबावर.

पोकळीत घातलेला टाका वर बसत नाही, खालच्या फेरीत उतरतो. समजा, खालची फेरी पिवळी आहे आणि सुईवर करडा आहे. करड्याचा दाणा दोन पिवळ्या दाण्यांच्या मधे जाऊन बसतो आणि पिवळ्यांची डोकी त्याच्या दोन्ही अंगांना वर राहतात. पुढच्या फेरीचा पिस्ता तसाच करड्यांच्या मधे घुसतो. दर फेरीला रंग बदललात तर पट्टा म्हणून काही उरतच नाही. जवळून एकेक दाणा वेगळा, आणि हातभर लांबून हातमागाच्या कापडासारखं सलग. रंग भांडतात ते मोठ्या तुकड्यांत समोरासमोर आले की. ज्वारीएवढे केले की डोळाच त्यांची तडजोड करून टाकतो. जॉर्ज सरा हा फ्रेंच चित्रकार १८८०च्या दशकात सुट्या रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवून चित्रं रंगवायचा, ते याच भरवशावर. याचा आणखी एक फायदा म्हणजे एकाच शेडचे, पण वेगळ्या लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेले, दोन गुंडे असले तरी चालतात. खांबांच्या ओळीत लॉटचा फरक चटकन डोळ्यात भरतो, इथे शोधूनही सापडत नाही.

रंगांचा नियम मी एकच पाळते. जो सगळ्यात जास्त उरलाय तो रंग दर दुसऱ्या फेरीला. साधारण ५०-६० ग्रॅम असला की झालं. माझ्याकडे तो बहुधा करडा असतो. तुमच्याकडे मोतिया असेल, मरून असेल. बाकीचे सगळे पाहुणे, एकेका फेरीचे. कुठला पाहुणा कोणाशेजारी बसवायचा हे कळत नसेल तर गुंडे ओळीनं मांडून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग गेला की गडद-फिका क्रम उघडा पडतो. एकदम फिकट आणि एकदम गडद लागोपाठ येऊ देऊ नका, बाकी काय वाटेल ते करा. राणी कलर मात्र एकदाच. तो दुसऱ्यांदा आला की सगळा गळपट्टा त्याचाच होतो.

मापं लगेच सांगते, तीही विचारली जातात. साडेपाच मिलिमीटरची सुई, ६० सेंटिमीटर घेर, वीस-बावीस सेंटिमीटर उंची. मोठ्या माणसाचं डोकं ५५ ते ५८ सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे ६० मध्ये ते आरामात जातं आणि गळ्याशी फट राहत नाही. दोन वेढ्यांचा हवा असेल तर १२० धरा. जाड धाग्याला ६० सेंटिमीटरसाठी ऐंशीच्या आसपास साखळ्या लागतात. संख्या सम हवी. तुमचा हात आवळून विणणारा असेल तर साखळी एक नंबर मोठ्या सुईनं घाला, नाहीतर सगळा गळपट्टा सैल आणि खालची कड डोक्यात अडकते. पहिली ओळ सरळ विणून मगच गोल जोडा. नुसती साखळी जोडायला गेलात तर तिला पीळ पडतो आणि तो कळतो चार फेऱ्यांनी.

रंग बदलायची जागा मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. फेरीची शेवटची साखळी झाली की सुई पहिल्या मुक्या खांबाच्या डोक्यात घालायची. इथे जुन्या रंगाला हात लावायचा नाही. नवा रंग सुईवर घ्यायचा आणि खांबाच्या डोक्यातून आणि सुईवरच्या फाशातून एका दमात ओढून काढायचा. आता सुईवरचा फासा नव्या रंगाचा झाला. एक साखळी, आणि लगेच पुढच्या पोकळीत पहिला मुका खांब. जुन्या रंगानं फेरी बंद करून मग नवा जोडलात तर तिथे जुन्याचा एक ठिपका वर चढून बसतो, आणि दर फेरीला बसला की त्यांची रांग दिसते. करडा कापायचा नाही, तो आतल्या बाजूनं वर-वर न्यायचा. पाहुण्यांची टोकं तिथल्या तिथे टाक्यांखाली धरून विणत जायचं. शेवटी सुई-दोऱ्यानं लपवू म्हणून ठेवलेली तीस टोकं कोणी लपवत नाही, गळपट्टा कपाटात जातो.

पाहुणा पुरेल का, हे आधीच बघता येतं. घेराच्या पाचपट धागा, म्हणजे ६० सेंटिमीटरला ३ मीटर, असेल तर एक फेरी होते. मधेच संपला तर त्याच फेरीत दुसरा रंग जोडून पुढे जा, मॉस स्टिचमध्ये त्याची कोणाला दादही लागत नाही.

धुताना कोमट पाणी आणि थोडा शाम्पू, मग टॉवेलवर आडवा वाळत घाला. दोरीवर टांगलात तर खाली ओघळतो. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, धागा कायमचा लुळा पडतो. खऱ्या लोकरीचा असेल तर उन्हाळ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. डांबराच्या गोळ्या कसरीला पळवतात हे खरं, पण पुढच्या थंडीत तो वास नाकाखालीच येणार आहे.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "विकत देता का?" नाही देत. इतक्या संध्याकाळींची किंमत लावली तर तुम्ही घेणार नाही, आणि तुम्हाला परवडेल ती लावली तर मी देणार नाही. त्यापेक्षा तुमच्याकडची पिशवी घेऊन या. जास्तीची सुई माझ्याकडे आहे, आणि मुका खांब, साखळी, मुका खांब हे चहा निवेपर्यंत हातात बसतं.