फ्लाइंग स्टार्ट : रेषेच्या अलीकडची धाव

‘गेट ऑफ टू अ फ्लाइंग स्टार्ट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मी बरीच वर्षे ‘धडाक्यात सुरुवात होणे’ असा लावत आलो. तो चूक नाही. पण हा प्रयोग शर्यतीच्या मैदानावरचा आहे हे कळले, तेव्हा त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी छटा मराठीत आणताना गळून पडते, हेही जाणवले.

काही शर्यतींत स्पर्धक रेषेवर थांबलेले असतात आणि इशारा मिळताच निघतात. काहींत मात्र ते आधीच वेगात असतात आणि वेळेची मोजणी त्यांनी रेषा ओलांडली की सुरू होते. सायकलिंगमधली २०० मीटरची वेळचाचणी अशीच होते. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत मोटारींनीही चालत्या वेगातच रेषा ओलांडली होती. ‘फ्लाइंग’चा अर्थ इथे ‘भरधाव’ असा आहे, त्यामुळे त्यात विमान किंवा उड्डाण शोधू नये.

या वेगाचे मोल रिले शर्यतीत दिसते. उसेन बोल्टचा १०० मीटरचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. पण २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या चौघांनी ४ × १०० मीटर अंतर ३६.८४ सेकंदांत पार केले, म्हणजे प्रत्येकी सरासरी ९.२१ सेकंद. हे शक्य झाले, कारण पहिला धावपटू वगळता प्रत्येकाच्या हाती बॅटन आले ते धावता धावता.

म्हणूनच, ज्या सुरुवातीमागे आधीची तयारी, ओळखी किंवा अनुकूल परिस्थिती यांचा वेग असतो, तिथे हा वाक्प्रचार मला सर्वांत शोभून दिसतो. दुकान उघडण्याआधीच ज्याच्याकडे मागण्या नोंदवलेल्या आहेत, त्याचे उदाहरण घ्या. प्रत्यक्ष वापरात अर्थ सैलावला आहे, आणि पहिले चार सामने जिंकणाऱ्या संघाबद्दलही तो सर्रास लिहिला जातो, त्याला माझी हरकत नाही. ‘हिट द ग्राउंड रनिंग’ हा त्याचा जवळचा सोबती, पण तो बहुधा आल्या आल्या कामाला भिडणाऱ्या माणसाबद्दल येतो. ‘फ्लाइंग स्टार्ट’ माणसाला, संघाला, मोहिमेला, अगदी एखाद्या वर्षालाही मिळू शकतो.

शेवटाविषयी मात्र हे शब्द काहीच सांगत नाहीत. त्यामुळे ‘सुरुवात तर दणक्यात झाली, पण...’ अशा वाक्याच्या पूर्वार्धातही ते तितकेच चपखल बसतात.