तुम्ही विचारलंत म्हणून: जास्वंदीला काय मारू?

मार्चचं ऊन तापलं की नाशकातल्या गच्च्यांवरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. प्रश्न ठरलेला: "जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय. काय मारू?"

मी आधी उलट विचारते, मुंग्या आहेत का? ते कापसासारखं पांढरं बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण असतं, आपल्या द्राक्षवाल्यांचा मिलीबग. तो रस शोषतो आणि चिकट गोड पाणी सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडायची. पाण्याच्या ताटलीत वीट, विटेवर कुंडी, आणि एकही फांदी भिंतीला टेकलेली नको. (ताटलीतलं पाणी बदलत राहा, नाहीतर डास होतील.)

मग किडलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करा आणि उरलेलं झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. त्यानंतर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या. मिलीबगच्या अंगावर मेण असल्याने नुसता अर्क ओघळून जातो, म्हणून थोडा साबण घालायचा. फवारा ऊन उतरल्यावर, पानांच्या मागूनही, आणि आठवड्याने परत. निंबोळ्या विकत कशाला आणायच्या? पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली सडा पडलेला असतो.

पण फवारण्याआधी भिंग घेऊन बसा. त्या पांढऱ्यात एखादी जास्त मोठी, मेणाच्या लांब झिपऱ्या असलेली आणि भराभर चालणारी दिसली तर हात आवरा. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी. दिसते मिलीबगसारखी आणि खाते मिलीबगलाच. द्राक्षबागांत हा भुंगेरा मुद्दाम सोडतात, आणि आपण गच्चीवर फुकट आलेला धुऊन टाकतो!

मावा असेल तर पाण्याची धार बहुधा पुरते. पानं फिकट, ठिपकेदार झाली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालू लागले तर लाल कोळी. त्यालाही पानांच्या पाठीवर पाणी मारा.

आणि लिंबावरची ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी? ती पुढे हिरवी होते, मग फुलपाखरू. तिला मी काहीच मारत नाही. लिंबाचं रोप लहान असेल तर उचलून कढीपत्त्यावर नेऊन ठेवते. आमच्या फोडणीला लागतो तेवढा पाला तरीही उरतो.