एवढा मोठा ट्रक कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

सांगलीला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देतो?" इथे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे विचारतात, "एवढा मोठा ट्रक कशाला घेतलात?" दोन्ही प्रश्नांना आजवर दारात उभं राहून, घाईघाईत उत्तरं दिली. आज नीट बसून देतो.

गाडी आहे फोर्ड एफ-१५०, २०१८ चं मॉडेल, दोन वर्षं वापरलेली घेतली. साडेतीन लिटरचं, दोन टर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) व्ही-६ पेट्रोल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, चार दारं आणि मागे साडेपाच फुटांचा हौदा. लांबी एकोणीस फुटांच्या वर, त्यामुळे पार्किंगच्या पांढऱ्या रेषेबाहेर नाक येतंच. अमेरिकेत फुल-साइज पिकअप म्हणतात तो हा. शेव्हरोले सिल्वराडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा ही त्याच मापाची भावंडं.

आता ॲव्हरेज. शहरात गॅलनला १६ मैल, मोकळ्या महामार्गावर २१, वर्षभराचं मिळून १८. आपल्या हिशेबात लिटरला साडेसात किलोमीटर. कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, मागे जोडला की ९ ते साडेनऊ मैल, म्हणजे लिटरला चारच्या आसपास. हे ऐकून गावाकडची माणसं हळहळतात, आणि त्यांची हळहळ खरी आहे. रोज ऑफिसला जायला हा ट्रक वापरू नये. आमच्या घरी त्यासाठी हायब्रिड कार आहे.

पण एक गोष्ट मला ओढायला लागल्यावरच कळली. पेट्रोल वजनापेक्षा वारा जास्त खातो. मित्राच्या बागेसाठी एकदा फरशीचे दगड सपाट ट्रेलरवर आणले. वजन आमच्या कॅम्परच्या जवळपास होतं, तरी १३ मैल मिळाले. कॅम्पर म्हणजे समोरून उभी भिंत. ताशी ६० मैलांवरून ७० वर गेलात तर वेग सहावा हिस्साच वाढतो, पण हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून मी ६२ च्या वर जात नाही. मागे गाड्या खोळंबल्या तर बाजूला घेतो, त्यांना जाऊ देतो आणि पुन्हा ६२. पेट्रोलबद्दल आणखी एक सांगतो. कोलोरॅडोत पंपावरचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू न देण्याची क्षमता). फोर्डच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलंय. टर्बो इंजिनात ८५ भरून चार पैसे वाचवू नका. ओढायचं असेल त्या दिवशी मी ९१ भरतो.

"मग छोटी पिकअप का नाही घेतलीत, हायलक्स वगैरे?" हेही विचारतात. भारतात २०२२ पासून हायलक्स मिळते, अमेरिकेत टोयोटा ती विकत नाही. इथे बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के आयात कर आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने हा लावला. कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, कर राहिला. आटोपशीर बाहेरच्या पिकअप इथे रुजल्या नाहीत त्याचं हे एक मोठं कारण.

आता "कशाला" याचं उत्तर.

माझे आई-आबा दर दोन वर्षांनी सहा महिन्यांसाठी येतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. हॉटेलात तिला झोप लागत नाही, बाहेरचं खाणं सोसत नाही, आणि प्रवासात बाथरूमची काळजी इतकी, की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पहिल्या दोन वेळी ती आमच्या घराच्या खिडकीतून डोंगर बघून परत गेली. विमानतळावर म्हणाली, "छान होतं रे, लांबून सगळं दिसलं." त्या "लांबून"ने मला झोपू दिलं नाही. त्या हिवाळ्यात आम्ही पंचवीस फुटी कॅम्पर घेतला. आत ओटा, पलंग आणि आईच्या हक्काचं बाथरूम. तो ओढायला ट्रक लागणार होता, म्हणून ट्रक. क्रम हा असा आहे. आधी ट्रक घेऊन मग त्याला काम शोधलं नाही.

चढणं आईसाठी अवघडच होतं. पायदान असूनही तिचा गुडघा तेवढा वाकत नाही. मग मी लाकडी स्टूल केलं, नऊ इंच उंच, वर रबर ठोकलेलं. आई एक पाय स्टूलावर ठेवते, दाराच्या खांबावरचं हँडल दोन्ही हातांनी धरते, "विठ्ठला" म्हणते आणि बसते. उंच सीटवरून तिला सगळं दिसतं.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघायच्या आदल्या दिवशी आबा कॅम्परभोवती दोन चकरा मारून आले. आबांनी तीस वर्षं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून कारखान्याला ऊस घातलाय. त्यांनी विचारलं, "ह्याचं वजन किती भरलं?" मी म्हणालो, विकणारा म्हणाला की तुमचा ट्रक ११,००० पौंड ओढतो, कॅम्पर त्याच्या कितीतरी आत आहे, निश्चिंत जा. आबा म्हणाले, "तो म्हणाला ते ऱ्हाऊ दे. काट्यावर नेलीस का?"

नेली नव्हती. इथेही महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकाच वेळी होतं आणि पावती हातात येते. घरच्या पाचही जणांसह, सगळं सामान भरून नेली. कॅम्पर जोडून ट्रकच्या दोन ॲक्सलांवर मिळून ७,१८० पौंड भरले. ट्रकच्या दारावर लिहिलेली, ट्रकच्या स्वतःच्या वजनासकट मर्यादा होती ७,०५०. ओढायच्या क्षमतेच्या निम्म्याच्या थोडंच वर ओझं होतं, आणि तरी ट्रक १३० पौंडांनी जास्त भरला होता.

हे कसं, ते समजून घ्या, कारण ट्रक घेणारे बरेच जण इथेच फसतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक छोटा स्टिकर असतो. माझ्या ट्रकवर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून १,६४० पौंडांच्या वर नको. म्हणजे पाऊण टनाच्या आतच. गावाकडची बोलेरो पिकअप याहून दुप्पट माल उचलते, कारण तिच्या स्प्रिंगा मालासाठीच केलेल्या असतात. इथला ट्रक पाच माणसांना कारसारखा आराम द्यायला केलेला असतो. आणि त्या १,६४० मध्ये तुम्ही स्वतः आलात, बायको-मुलगी-आई-आबा आले, हौद्यातला जनरेटर आला, हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकाचं, लोखंड आलं, आणि ट्रेलरचा दांडा हिचच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जेवढा दाबतो तो भारही आला. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. आमचा कॅम्पर भरल्यावर ६,४०० पौंड, बॉलवरचा भार ८८० पौंड. पाच माणसांचे ६६५. संपलंच की जवळपास. जाहिरातीत ११,००० चा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुमच्या उपयोगाचा आकडा दाराच्या फटीत असतो.

यानंतरची चूक माझी. मी विचार केला, बॉलवर भार जास्त होतोय ना, मग मागे सरकवू. जनरेटर, सरपण, सायकली, सगळं उचलून कॅम्परच्या शेपटाला नेऊन ठेवलं. परत वजन केलं नाही.

वायोमिंग राज्यात आय-८० महामार्गावर, लॅरमी सोडल्यावर, वारा आडवा येतो. त्या पट्ट्यात तो रोजचाच आहे. एक अठरा चाकी ट्रक आमच्या डावीकडून पुढे गेला. त्याने आधी आम्हाला ढकललं, मग ओढून घेतलं, आणि आरशात कॅम्परचं शेपूट डोलायला लागलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी थोडं जास्त. स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, जणू पुढची चाकं रस्त्यावर नाहीतच. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा?" अशा वेळी पाय ब्रेककडे जातो, आणि तोच द्यायचा नसतो. ट्रक थांबतो आणि ट्रेलर मागून रेटतो. डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका असतो. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि तो खटका हळूहळू दाबत गेलो. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, मागून लगाम खेचल्यासारखा तो ताणला गेला आणि सरळ झाला. सगळं मिळून सात-आठ सेकंद झाले असतील.

पुढच्या विश्रांतीथांब्यावर उतरलो तेव्हा माझे हात थरथरत होते. आबा काही बोलले नाहीत. कॅम्परचं मागचं दार उघडून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ऊस मागं जास्त भरला की ट्रॉली हूक उचलती, बाळ."

तेच झालं होतं. दांडा हलका पडला की ट्रेलरला शेपूट हलवायला मोकळीक मिळते. जनरेटर पुन्हा हौद्यात केबिनच्या भिंतीला टेकवून बांधला. सायकली कॅम्परच्या मध्यभागी, चाकांच्या वर आणल्या. सरपण शेजारच्या कुटुंबाला दिलं. कॅम्परच्या पुढच्या टाकीतलं तीस गॅलन पाणी सोडून दिलं. गॅलनचे सव्वाआठ पौंड, म्हणजे अडीचशे पौंड नुसतं पाणीच आम्ही वाहत होतो, जे मुक्कामाला नळावर मिळणारच होतं. पुढे रॉलिन्स गावी परत काट्यावर गेलो. ७,०२०. पावती आबांनी घडी करून खिशात ठेवली, कारखान्याची ठेवत तशी.

घाटाबद्दलही विचारता, म्हणून थोडक्यात. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, टर्बो बरीचशी भरून काढतो, म्हणून चढाची मला काळजी नसते. काळजी उताराची. पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे कित्येक मैल उतार आहे, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत. आपल्याकडे घाटात ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. इथेही तेच. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर खालचे ठेवणारी सोय, लावायचा, गिअरबॉक्स खाली उतरू द्यायचा, इंजिन ओरडलं तरी घाबरायचं नाही. पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. अधूनमधून एकदा ठाम दाबायचा आणि सोडायचा.

मागे घ्यायला आबांनीच शिकवलं, रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला हवं त्या बाजूला हात न्यायचा. थोडंसंच, आणि मग थांबायचं. "ट्रॉलीला कळायला येळ दे," हे त्यांनी त्या दिवशी वीसेक वेळा सांगितलं असेल.

तर, तुम्ही घ्यावा का? वर्षातून चार-पाच वेळा तरी ओढायला काही असेल तर घ्या, आणि विकत घेण्याआधी दार उघडून तो स्टिकर वाचा. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर वेगळा आकडा असतो. सनरूफ, मोठी चाकं, गरम सीट, जे जे वाढवाल त्याचं वजन त्या आकड्यातून वजा होतं. ओढायला काही नसेल आणि गणपतीत मखर, टेबलं, पातेली न्यायची एवढंच काम असेल तर घेऊ नका, मला फोन करा. दरवर्षी मीच नेतो, आनंदाने नेतो.

यलोस्टोनला आई पहाटे उठली. कॅम्परच्या ओट्यावर आल्याचा चहा ठेवला आणि दारातल्या पायरीवर शाल घेऊन बसली. समोरच्या कुरणात, धुक्यात, बायसनचा, म्हणजे इथल्या रानगव्यांचा, कळप उभा होता. तिने मला उठवलं नाही. मी उठलो तेव्हा चहा दुसऱ्यांदा उकळत होता आणि आबा खाली वाकून चाकं बघत होते. रबरी ठोकळे मी रात्रीच लावले होते. त्यांनी त्यांच्यापुढे कुठूनसा एकेक दगडही आणून लावला होता.

ते दोघं मे महिन्यात परत येतायत. फोनवर आबांनी टायरांबद्दल विचारलं. टायरच्या अंगावर शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि साल. आमच्या कॅम्परचे सहा वर्षांचे झालेत, नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालंय. शनिवारी चारही बदलून घेतोय.