डिकी मोठी, इंजिन छोटं

गाडी घेतली हे घरी कळवलं, तेव्हा बाबांनी नेहमीच्या क्रमाने विचारलं: कोणती, केवढ्याला, ॲव्हरेज किती? ‘स्कोडा ऑक्टाव्हिया’ ऐकून ते खूश झाले. मग मी फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि बराच वेळ काहीच आलं नाही. शेवटी एक ओळ आली: “मागून ॲम्ब्युलन्ससारखी का दिसते?”

इथे जर्मनीत हिला कॉम्बी म्हणतात. पुढून नेहमीची मोटार, पण छप्पर मागच्या काचेशी खाली न उतरता सरळ शेवटपर्यंत गेलेलं. मागचा दरवाजा वर उचलला की सीटच्या पाठीपर्यंत नुसती मोकळी जागा. आपल्याकडेही हा प्रकार येऊन गेला. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ याच नावाने गाडी आणली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली. कुणाचंच बस्तान बसलं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर उतरला आणि गाडीचं शेपूट वाढवायचा विषयच संपला. उलट सेडानचीच शेपटं कापायला लागले. माझी गाडी ४.६७ मीटर आहे. बाबांच्या हिशेबाने ते शेपूट म्हणजे फुकट भरलेला कर.

इथे मात्र ते शेपूट मिरवतात. प्रत्येक कंपनीने त्याला लाडाचं नाव ठेवलंय: फोक्सवागनची व्हेरिअंट, आउडीची अवांट, बीएमडब्ल्यूची टूरिंग. ओपेलने तर १९५३ पासून कॅराव्हान हे नाव चालवलं. डॉक्टरीणबाई कॉम्बीतून उतरतात, प्लंबरही कॉम्बीतूनच उतरतो. सुरुवातीला मला वाटायचं, या लोकांना एवढं न्यायचं तरी काय असतं?

ते कळलं एका कपाटामुळे.

श्टुटगार्टजवळच्या गावात घर घेतलं तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. कपाट पसंत केलं, पैसे भरले आणि मी सवयीने विचारलं, घरी कधी पोहोचवाल? दुकानातल्या मुलीने जो आकडा सांगितला त्यात अर्धं कपाट आणखी आलं असतं. वर माणसं फक्त दारापर्यंत आणणार, जिन्याचे निराळे, जोडणीचे आणखी निराळे. नाक्यावर उभा टेम्पो नाही, “ताई, दोन माणसं देतो” म्हणणारा कुणी नाही. माणसाच्या तासाला इथे किंमत आहे (ती असावीच, त्याबद्दल तक्रार नाही), म्हणून मग माणूस आपला तास वापरतो आणि आपली पाठ. टेम्पो नाही म्हणून प्रत्येकाच्या दारात एकेक टेम्पो उभा, मोटारीच्या वेषातला.

तर गाडी घेतल्यावर पहिलं काम कपाटाचं. मी टेप घेऊन गेले होते. मागच्या सीट पाडल्यावर जागा झाली पावणेदोन मीटरच्या आसपास आणि कपाटाच्या बाजूच्या फळ्या निघाल्या २.३६ मीटरच्या. नवरा म्हणाला, दरवाजा उघडा ठेवून दोरीने बांधू. पण कॉम्बीची नंबरप्लेट त्या दरवाज्यावरच असते. तो वर राहिला की प्लेट आभाळाकडे बघते आणि सायलेन्सरचा धूर निवांत आत शिरतो. मालाला मागे बाहेर काढायची इथे मुभा आहे, पण गाडीच्या मागच्या रिफ्लेक्टरांच्या एक मीटरपलीकडे गेला तर टोकाला ३० बाय ३० सेंटिमीटरचं लाल फडकं लावावं लागतं. आमच्याकडे फडकं नव्हतं, दोरीही नव्हती. शेवटी पुढची बाजूची सीट पूर्ण मागे रेलवली, फळ्या तिरप्या सरकवत थेट डॅशबोर्डपाशी नेल्या, खाली लेकीचं पांघरूण घातलं. दरवाजा खट्ट करून लागला. त्या आवाजाने जे समाधान झालं ते कपाट जोडून झाल्यावरही झालं नाही. कपाट आणि मी घरी आलो. नवरा लोकलने आला.

त्यानंतर हिशेब ठेवणंच सोडलं. बाटल्यांचे क्रेट तर दर आठवड्याला. बारा काचेच्या बाटल्या आणि क्रेट मिळून ३.३० युरो अनामत असते, त्यामुळे रिकामे क्रेट कुणी टाकून देत नाही, ते गाडीतून खडखडत परत जातात. ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवायचे आणि ईस्टरला पुन्हा उन्हाळी चढवायचे, म्हणजे वर्षातून दोनदा चार चाकं गॅरेजपर्यंत फिरायला. बागेतल्या फांद्या, जुनी गादी, लेकीची सायकल, डिसेंबरात अख्खं ख्रिसमसचं झाड, ज्याच्या सुया मला जुलैपर्यंत सापडतात. डिकी ६१० लिटरची, सीट पाडल्या की १७४० लिटर. पण आकड्यांपेक्षा मला आवडतो तो तिचा उंबरठा. सपाट आणि मांडीच्या उंचीला. जड खोकं आधी त्याच्यावर टेकवायचं, श्वास घ्यायचा, मग ढकलायचं. उंच एसयूव्हीत तेच खोकं छातीपर्यंत उचलावं लागतं. गाड्या रंगवणाऱ्यांनी नाही, खोकी उचलणाऱ्यांनी हा उंबरठा ठरवला असावा.

आता इंजिन. बाबांचा दुसरा धक्का.

“सीसी किती?”

“नऊशे नव्याण्णव.”

“आणि सिलिंडर?”

“तीन.”

“अगं, मारुती आठशेत ७९६ होते! एवढ्या धुडाला हजार?”

याचं अर्धं उत्तर कराच्या कागदावर आहे. माझ्या गाडीची पहिली नोंदणी २०१७ ची. त्या वेळच्या पेट्रोल गाड्यांना दर १०० सीसीमागे २ युरो आणि कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या वर जितका, त्या प्रत्येक ग्रॅमला २ युरो. माझे इंजिनाचे २०, धुराचे ३०, वर्षाला ५० युरो झाले. डिझेलला हाच दर १०० सीसीमागे साडेनऊ युरो, म्हणजे १६०० सीसीला नुसते इंजिनाचेच १५२. शिवाय आम्ही पडलो श्टुटगार्टवाले. शहर वाडग्याच्या तळाशी वसलेलं, हवा कोंडते, आणि १ जानेवारी २०१९ पासून युरो-४ (धुराचं जुनं मानक) आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी. डिझेलच्या धुराच्या चाचण्यांत फसवणूक केल्याचं फोक्सवागनचं २०१५ चं प्रकरण गाजल्यावर आधीच लोक डिझेलकडे संशयाने बघत होते. मोटारींच्या माहेरघरात राहून शेजाऱ्यांना आपल्या डिझेल गाड्या विकताना मी पाहिलंय. आम्ही पेट्रोल घेतलं ते असं.

उरलेलं अर्धं उत्तर टर्बोचं. सायलेन्सरवाटे फुकट जाणारा गरम वायू एका चक्रीवर सोडायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री, ती बाहेरची हवा इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा भडका. बाबांनी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यांना एवढं पुरलं. याच ऑक्टाव्हियात आधी १.६ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन असायचं, १०२ अश्वशक्तीचं. त्याचा जोर १४८ न्यूटनमीटर, तोही ३८०० फेऱ्यांना. या एक लिटरवाल्याची अश्वशक्ती ११५, आणि २०० न्यूटनमीटर २००० फेऱ्यांनाच हजर. तुमच्याकडच्या स्कोडा कुशाक आणि स्लाव्हियात याचंच भावंड आहे, आणि त्या गाड्या चाकणला बनतात. हे सांगितल्यावर बाबांचा सूर जरा उतरला.

सगळं गोड नाही. थंडीच्या सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं स्टिअरिंग हाताला गुदगुल्या करतं. तीन सिलिंडरचा तो स्वभाव. सिग्नलवरून निघताना पाय नुसता टेकवला तर गाडी क्षणभर विचारात पडते, मग एकदम निघते. समोरच्या घरातल्या श्वाबियन (म्हणजे अस्सल इथल्याच भागातल्या) आजोबांनी पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून ताकीद दिली होती: गार असताना पळवायची नाही आणि ऑटोबानवरून तापून आल्यावर लगेच बंद करायची नाही. ती चक्री मिनिटाला दोन लाखांपर्यंत फेरे मारते, तेही वायू ९०० अंशांच्या पुढे तापलेला असताना. तिला थंडावा द्यायला तेलही लागतं. इंजिन झटकन बंद केलं की तेल तिथेच थांबून करपू शकतं. आजोबा पेट्रोलच्या गाडीवर खूश होते, तिसऱ्या सिलिंडरनंतर चौथा नाही यावर मात्र नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. फ्रांकफुर्ट विमानतळावर २३ किलोच्या चार बॅगा, दोन हातातल्या, शिवाय आईची ती कापडी पिशवी जी कुठल्याच मोजमापात बसत नाही. डिकीवरचा गुंडाळायचा पडदा काढला आणि सगळं बसलं. बाबा काही बोलले नाहीत, पण दरवाजा लागल्यावर त्यांनी वाकून काचेतून आत पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाचजण सामानसुमानासकट उल्मवरून आल्प्सकडे निघालो. श्टुटगार्टहून उल्मला जाताना ए-८ रस्ता श्वाबियन डोंगराची भिंत चढतो. खरा घाट. चढणारा रस्ता एका कड्याला लटकलेला, उतरणारा पार दुसरीकडून. चढाला दोनच लेन, बाजूला थांबायला पट्टी नाही. उजवीकडे ट्रक कण्हत रांगेने चाललेले. बाबा माझ्या शेजारी, म्हणजे इथे उजव्या बाजूला, आणि त्यांचा पाय जमिनीतला नसलेला ब्रेक शोधत होता. मी आरशात पाहिलं, सहाव्यावरून चौथ्यावर आणलं, डावीकडे घेतलं. तीन सिलिंडरची ती घोगरी घरघर वाढली, रिक्षा चढावर गाते तशी, फक्त जाड आवाजात. एक ट्रक मागे गेला, दुसरा, मग मोजायचं राहिलं.

“पिकअप आहे की गं,” बाबा म्हणाले. आई मागून म्हणाली, “घाटात बोलू नका तिच्याशी.”

वर सपाटीला लागल्यावर त्यांनी चष्मा पुसून डॅशबोर्ड वाचायला घेतला. “५.४? एवढंच ॲव्हरेज? ट्रक आहे की काय!” मी समजावलं. इथे लिटरला किती किलोमीटर ते सांगत नाहीत, शंभर किलोमीटरला किती लिटर ते सांगतात. ११० ने शांतपणे चालवलं की ५.४, म्हणजे आपले साडेअठरा. ऑटोबानला चेव येऊन दीडशे धरले की ८.३ वर जातं, म्हणजे बारा. छोटा टर्बो कमी खातो तो मर्यादेत ठेवला तरच. बाबांनी मनातल्या मनात भागाकार केला, बोटांवर पडताळला आणि तिथून आल्प्सपर्यंत माझ्या काट्यावर नजर ठेवली. मी १३० च्या वर गेले की घसा खाकरायचे.

परत गेल्यावर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांच्यामागे त्यांचे सकाळच्या फिरण्याचे मित्र बसलेले दिसले. बाबा त्यांना माझ्या गाडीचे फोटो दाखवत होते, बॅगांचा, घाटाचा, मागून काढलेलाही.

“आणि ॲव्हरेज?” त्यातल्या एका काकांनी विचारलं.

“साडेपाच,” बाबा अभिमानाने म्हणाले.

काकांनी माझ्याकडे स्क्रीनमधून फार कळवळून पाहिलं. “विकून टाक बाळा,” ते म्हणाले.