पैसे गेले तरी कुणी सांगत नाही

औशाजवळच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता पडायची वेळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, फिरायला लागते, "केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद". येते गावच्याच ग्रुपवर, ओळखीच्या नंबरावरून, म्हणून माणूस बिनधास्त दाबतो. ते ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतं. मग ओटीपी कुणाला सांगायचीही गरज उरत नाही. बँकेतला 'ओटीपी देऊ नका' हा फलक इथं काय कामाचा?

त्यात आमच्याकडं फोन एकट्याचा नसतोच. पोरगा पुण्याला कंपनीत, पिन सुनेला पाठ, सिम तिसऱ्याच्याच नावावर.

एका मावशीचे सोयाबीनचे पैसे असेच गेले. म्हटलं, "लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावू, पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात." त्यांनी माझ्या फोनवर हातच ठेवला. "नको बाबा, मालकाला कळंल." दुसऱ्या दिवशी तक्रार केली, तोवर पैसे पुढं सरकले होते.

आणि ती पुढची खाती कुणाची? बऱ्याचदा आपल्याच घरातल्या पोरांची. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा चार पैशांसाठी पासबुक, एटीएम, सिम दुसऱ्याच्या हातात देतो. खातं गोठतं, गुन्हा नोंदला तर चारित्र्य पडताळणीत अडकतो.

मावशी आता आडतीवर रोखच मागतात. रोखीसाठी आडत्या वर कापून घेतो, ते त्यांना चालतं.