कोरा केलेला रकाना

प्रश्नावलीसाठी मला एक खरी वाटेल अशी केस हवी होती. कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, पीएचडीसाठी नाव घालून दीड वर्ष झालं होतं. विषय, ऑडिटरचा अंदाज नेमका कसा ठरतो. पोटापाण्याला फोर्टातल्या एका सीए फर्ममधली नोकरी होतीच. केस बाहेर कुठे शोधत बसायची, म्हणून मीच केलेली आदल्या वर्षीची एक फाइल काढली. होलसेलचा धंदा, येणी २ कोटी १० लाख (आकडे इथे बदललेत). बुडीत उधारीसाठी कंपनीने ४ लाखांची तरतूद दाखवली होती. त्यांच्या अकाउंटंटशी दोन दिवस वाद घालून मी ती ५ लाखांवर नेली होती. त्याचा मला बराच अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

केससाठी कंपनीचा आकडा आणि माझा आकडा, दोन्ही रकाने कोरे केले. झेरॉक्सचा गठ्ठा आमच्या आर्टिकलला, म्हणजे सीए करता करता फर्ममध्ये काम शिकणाऱ्या मुलाला, दिला. म्हटलं, वाचून काही कळतंय का सांग, आणि तुला किती तरतूद हवी वाटते तेही लिही. तासाभराने कॅन्टीनच्या बिलामागे आकडा खरडून त्याने आणून दिला. १४ लाख.

मला वाटलं, बेरीज चुकला.

"ताई, ती नऊ लाखांवाली पार्टी. तिचं जूनचं बिल तसंच उभं आहे ना."

"अरे, एप्रिलमध्ये पैसे आलेत त्यांचे. बँक स्टेटमेंट लावलंय मागे."

"आलेत. पण कशाचे आलेत ते बघा."

मूळ फाइल उघडली. पार्टीच्या पेमेंट ॲडव्हाइसवर बिल नंबर स्वच्छ छापलेले होते. दोन्ही बिलं मार्चची. कंपनीने टॅलीत पैसे 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच ठरावीक बिलापोटी न दाखवता, घेतलेले, आणि मी ते सर्वात जुन्या बिलापोटीच आले असं धरून हिरवी टिक मारून मोकळी झालेले. जूनच्या मालाबद्दल पार्टीने तक्रार केल्याचं पत्र चार पानं मागे होतं. त्यावरही माझी टिक. इतकी दाबून मारलेली, की मागच्या पानावर उमटली होती.

कागद दोघांनीही तेच पाहिले. फरक एवढाच, की मी आधी ४ लाख वाचले होते. त्यानंतर माझ्या डोक्यातला प्रश्न 'किती बुडेल' हा राहिलाच नाही, '४ कमी आहेत का' एवढाच उरला. आणि एप्रिलची रक्कम दिसताच मला हवा तो पुरावा मिळाला.

याच गोष्टीवर मी सेमिनार दिला होता. जॉइस आणि बिडल यांनी १९८१ मध्ये छापलेला प्रयोग: एका गटातल्या ऑडिटरांना विचारलं, वरिष्ठ व्यवस्थापनाचा मोठा घोटाळा हजार कंपन्यांत दहाहून जास्त ठिकाणी असेल का, दुसऱ्या गटाला विचारलं, दोनशेहून जास्त ठिकाणी असेल का. मग प्रत्येकाचा स्वतःचा अंदाज घेतला. पहिल्या गटाची सरासरी आली सुमारे १६.५, दुसऱ्याची ४३. स्लाइडवर हे आकडे दाखवताना वर्गाबरोबर मीही हसले होते.

ऑडिटरने स्वतःचा अंदाज वेगळा काढावा, हा मार्ग एसए ५४० या ऑडिटच्या मानकात दिलेलाच आहे. पण क्लायंटची शीट मेलवर सकाळी अकराला येते आणि सरांना फाइल पाचला हवी असते, तिथे कोण कोरा कागद घेऊन बसतो?

सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मटेरिॲलिटी किती होती?" म्हणजे, किती रकमेपुढची चूक ऑडिटमध्ये मोठी धरायची ती मर्यादा.

"अठरा लाख."

"मग?"

त्यांचंही चूक नव्हतं. फाइल परत देताना मात्र म्हणाले, यंदा ते बिल पहिलं बघ.

संध्याकाळी आर्टिकलने विचारलं, "ताई, माझं उत्तर बरोबर होतं का?" म्हटलं, या केसला एकच बरोबर उत्तर नसतं, प्रश्नावलीतही तसंच लिहिलंय. त्याचं समाधान झालं नाही. "आणि मूळ फाइल कोणी केली होती?"

"मी."

तो काही बोलला नाही. डबा बॅगेत टाकला आणि सीएसएमटीला लोकल पकडायला निघाला.